फ्रिजच्या खोक्यातलं मतदान

आमच्या इमारतीत अध्यक्षांची निवडणूक हात वर करून होते. "माझ्या बाजूने कोण कोण?" असं अध्यक्ष स्वतःच विचारतात, हातही स्वतःच मोजतात, आणि मोजताना प्रत्येक हाताखालच्या चेहऱ्याकडे इतक्या मायेने बघतात, की नाक खाजवायला खाली आलेला हातही घाईघाईने परत वर जातो. त्यामुळे ते दर वेळी एकमताने निवडून येतात आणि दर वेळी त्यांना गहिवरून येतं.

मागच्या निवडणुकीत तिसऱ्या मजल्यावरच्या गाण्याच्या बाईंनी हात वर केला नव्हता. विरोधात एक शब्द बोलल्या नव्हत्या. नुसता हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. त्यानंतर लिफ्टजवळ पाटी लागली, की शिकवणीच्या मुलांनी जिना वापरावा. मग पाण्याचा पंप नेमका बाईंच्या घरी पाणी चढायच्या वेळी दुरुस्तीला निघू लागला. मग त्यांची स्कूटर उभी राहायची त्या जागी कुंड्या आल्या. यातल्या कशावरही कायद्याने बोट ठेवता आलं नसतं. कुंड्यांना फुलं होती.

या वर्षीच्या सभेत बाई उठून म्हणाल्या, की मी अध्यक्षपदासाठी उभी आहे. सभेत अशी शांतता पसरली की कोणाच्या तरी पोटातली गुडगुड सगळ्यांना ऐकू आली. बाई सगळ्यांना आवडतात. पण त्यांच्यासाठी हात वर करायचा म्हणजे आपल्याही दाराशी कुंड्या आल्याच, हे प्रत्येकाच्या तोंडावर लिहिलेलं होतं. आणि त्या शांततेत मला माझाच आवाज ऐकू आला, "मग या वेळी मतदान गुप्त घ्या."

मी कोपऱ्यावरचं औषधांचं दुकान चालवते. झोपेची गोळी कोण नेतं, केसांचं औषध कोण नेतं आणि ते वर्तमानपत्रात गुंडाळून द्या असं कोण सांगतं, हे सगळं मला ठाऊक असतं आणि मी ते आजवर नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. तेव्हा गुप्ततेवर बोलायचा मला थोडाफार अधिकार आहे, असं मला वाटलं होतं. अध्यक्षांनाही तसंच वाटलं असावं. ते गोड हसून म्हणाले, की कल्पना फारच छान आहे, तर सगळी व्यवस्था ताईंनीच करावी. चार दिवसांत ही कंटाळेल, असा त्यामागे हिशेब होता. ते मला ओळखत नव्हते. खरं तर तोपर्यंत मीही मला नीटशी ओळखत नव्हते.

घरी आल्यावर नवऱ्याने मला 'निवडणूक आयोग' अशी हाक मारून पाणी मागितलं. हा सकाळी अध्यक्षांबरोबर फिरायला जातो आणि त्यांची पाठ दिसेनाशी झाल्यावर त्यांच्याबद्दल बोलतो. "माझं मत अध्यक्षांनाच, मी त्यांना शब्द दिलाय," असं त्याने लगेच जाहीर केलं. सासूबाई म्हणाल्या, की माझं मत गाण्यावालीला, आणि मी ते गच्चीवरून ओरडून सांगणार. मी दोघांनाही बजावलं की इथून पुढे या घरात कोणी कोणाचं मत सांगायचं नाही. सासूबाई दुखावल्या. "माझं मत मी सांगायचं नाही? मी काय भिते कोणाला?" तुम्ही भीत नाही हेच तर संकट आहे, असं मी त्यांना समजावलं. न भिणाऱ्या सगळ्यांनी सांगून टाकलं, तर जे गप्प राहतील तेवढेच उरतात, आणि मग त्यांना हुडकायला कितीसा वेळ लागणार? सासूबाईंनी यावर बराच विचार केला आणि मला विचारलं, की मग निदान शेजारणीला सांगू का.

नियमाप्रमाणे गुप्त मतदानाला सरकारी कचेरीची परवानगी लागते. मी दुकान नोकराच्या हवाली करून कचेरीत गेले. पहिल्या टेबलावरच्या साहेबांनी अर्ज बघून सांगितलं, की यात 'गुप्त' हा शब्द आहे, त्यामुळे तो गोपनीय शाखेत द्यावा लागेल. गोपनीय शाखेची पाटी गोपनीयच होती, ती शोधण्यात माझी निम्मी सकाळ गेली. तिथल्या कारकुनाने माझा अर्ज समोरच्या अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात वाचला आणि कारण विचारलं. मी हळूच सांगितलं, की लोक घाबरतात. त्याने मागे वळून साहेबांना ओरडून सांगितलं, "साहेब, यांच्याकडे लोक घाबरतात." रांगेतले लोक मी कुठल्या भागात राहते याची चौकशी करू लागले.

मग त्याने मतपत्रिकेचा अधिकृत नमुना दिला. त्यात खाली मतदाराचं नाव, घराचा क्रमांक आणि सही होती. मी म्हटलं, की सही असेल तर मत गुप्त कसं राहील. तो म्हणाला, की सही नसेल तर मत कोणाचं ते कसं कळेल.

"ते कळू नये म्हणून तर हे सगळं चाललंय," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मी त्याच्याकडे विषाची बाटली चिठ्ठीशिवाय मागितली होती. पण मीही वर्षानुवर्षं दुकानात उभी राहणारी बाई आहे. गिऱ्हाईक हलेपर्यंत न हलण्याचा मला सराव आहे. जेवणाची सुट्टी झाली, संपली, चहा झाला, मी खिडकीतून हटले नाही. शेवटी साहेब स्वतः उठून आले आणि त्यांनी नाव, क्रमांक आणि सही या तिन्हींच्या जागेवर एकच रेघ मारून दिली. त्या रेघेवर त्यांनी स्वतःची सही केली. लेखी परवानगी पोस्टाने येईल म्हणाले.

ती आली, पण अध्यक्षांच्या पत्त्यावर. पाकिटावर 'गोपनीय' असा शिक्का होता आणि आत सूचना होती, की हे पत्र सूचनाफलकावर लावावे. त्यामुळे 'लोक घाबरतात' हे माझं गुपित माझ्या नावानिशी चार दिवस लिफ्टजवळ लटकत होतं. तेव्हापासून इमारतीत माझं नाव 'गुप्तबाई' पडलं. वाण्याकडे साबण घेतला तरी मागून कोणीतरी विचारायचं, की गुप्तबाई, साबण कुठला ते सांगता येईल का. मी मान ताठ ठेवून साबण घेत होते. पत्रात मात्र कामाच्या दोन गोष्टी होत्या, त्या मी पाठ करून टाकल्या. एक, निवडून आलेल्या उमेदवाराचं नाव जाहीर करावं. दुसरी, दोन्ही बाजूंची हरकत नसल्यास मोजणीनंतर मतपत्रिका नष्ट कराव्यात.

आता आडोसा हवा होता. तळमजल्यावरच्या सभेच्या खोलीत मी दोरी बांधून चादर टाकली, मागे टेबल ठेवलं आणि रंगीत तालमीसाठी सासूबाईंना पाठवलं. दुसऱ्या मजल्यावरचे इंजिनीअर, जे आयुष्यभर पूल बांधून आता फक्त सल्ले बांधतात, ते खुर्ची टाकून बघायला बसले होते. टेबलावरचा दिवा लावल्याबरोबर चादरीवर सासूबाईंची भली मोठी सावली पडली. नाक, चष्मा, हातातली पेन्सिल, सगळं. पेन्सिल खालच्या नावाकडे गेली तेव्हा इंजिनीअरांनी टाळी वाजवली आणि म्हणाले, की खालच्या नावाला एक. त्यांच्या मते यावर उपाय म्हणजे लोखंडी पत्र्याची खोली. मी म्हटलं, की निवडणूक घ्यायची आहे, तुरुंग बांधायचा नाही.

माझ्या ओळखीच्या दुकानातून फ्रिजचं रिकामं खोकं मिळालं. माणूस आत उभा राहील एवढं उंच, पुठ्ठा जाड, सावलीचा प्रश्नच नाही. एका बाजूने दार कापलं, आत पुठ्ठ्याची फळी बसवली. मी स्वतःवर खूश होते. तेवढ्यात अध्यक्ष आले, खोक्याभोवती एक चक्कर मारून म्हणाले, की त्यांची नम्र हरकत आहे. खोक्यावर मोठा बाण छापलेला होता, ही बाजू वर. मतपत्रिकेत वरचं नाव बाईंचं होतं, कारण चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवला तेव्हा ते वर आलं होतं. म्हणजे खोकं उघडउघड प्रचार करत होतं. मी खोकं उलटं केलं. आता बाण खाली, म्हणजे अध्यक्षांच्या नावाकडे, आणि ही हरकत मला स्वतःलाच सुचली. शेवटी बाणावर कागद चिकटवला. कागद चिकटवल्यावर दोन लोकांनी येऊन विचारलं, की कागदाखाली काय लपवलंय.

दुसऱ्या तालमीत नवऱ्याने दिवे लावले. म्हणजे खरोखर नाही, आपलं बोलण्याची पद्धत. सासूबाई मत देऊन बाहेर आल्यावर तो आत शिरला, पुठ्ठ्याच्या फळीवर आडवी पेन्सिल घासली आणि बाहेर येऊन म्हणाला, "आईने खालच्यालाच दिलं." सासूबाई पेन्सिल इतकी दाबून चालवतात की फळीवर खूण उमटली होती. मी त्याच्यावर इतकी चिडले की त्याला दुपारी शिळं वाढलं, पण मनातून त्याचे आभार मानले. हे मतदानाच्या दिवशी दुसऱ्या कोणी केलं असतं तर? मी दुकानातला गोळ्या मोजायचा स्टीलचा ट्रे आणून फळीवर बसवला. त्यावर खूण उमटत नाही. मतपत्रिका घालायला गोळ्यांची पाकिटं आणली, आतलं काहीही न दिसणारी.

यावर सासूबाईंनी मला सांगितलं, की दोन्ही वेळा त्यांना बाईंच्याच नावावर खूण करायची होती, पण चष्मा दूरचा असल्यामुळे कोणतं नाव कुठे ते दिसलंच नव्हतं. मी जवळचा चष्मा त्यांच्या गळ्यात दोरीने बांधला.

मतदानाच्या आदल्या दिवशी पहिल्या मजल्यावरची सून दुकानात आली. लग्न होऊन आल्यापासून ती हळूच बोलते, पण त्या दिवशी इतकी हळू बोलली की मला काउंटरवर वाकावं लागलं. अध्यक्ष आमचं घर सोडून सगळ्यांच्या घरी जाऊन आले होते. प्रत्येकाला म्हणाले होते, की खोक्यात गेल्यावर आपल्या मतपत्रिकेचा मोबाइलवर एक फोटो काढा आणि मला पाठवा, आठवण म्हणून. बळजबरी अजिबात नाही. फक्त ज्यांचा फोटो येणार नाही त्यांची आठवण त्यांना जास्त राहील.

"आम्हाला नाही म्हणता येणार नाही," ती म्हणाली. "ह्यांची गाडी त्यांनी दिलेल्या जागेवर उभी असते. तुम्ही काहीतरी करा ना, काकू."

चादर, खोकं, बाण, ट्रे, सगळं एका बाजूला आणि हा फोटो एका बाजूला. माणूस चहूबाजूंनी झाकून ठेवला आणि त्याच्या खिशातच खिडकी राहिली. त्या दिवशी दुकानात मी दोन जणांना चुकीचं मलम दिलं आणि दोघांच्या घरी जाऊन बदलून दिलं. पण संध्याकाळपर्यंत माझं ठरलं होतं.

सकाळी दाराशी मी स्टीलची बादली घेऊन बसले आणि म्हटलं, की मोबाइल इथे ठेवा आणि मग आत जा. लोकांनी काय गोंधळ घातला म्हणून सांगू. एक म्हणाले, की रक्त मागा पण फोन मागू नका. इंजिनीअरांनी मला हुकूमशहा म्हटलं. पहिल्या मजल्यावरची सून तर एवढ्या मोठ्या आवाजात भांडली, की तिचा आवाज इतका लागतो हे मला पहिल्यांदाच कळलं. "हा आमचा अपमान आहे," ती पलीकडे उभ्या असलेल्या अध्यक्षांकडे बघत ओरडली, आणि बादलीत फोन ठेवताना तिने माझा हात घट्ट दाबला. मग माझ्या लक्षात आलं. जो तो आधी अध्यक्षांना ऐकू जाईल असा तणतणत होता आणि वाकून फोन ठेवताना हळूच "बरं केलंत" म्हणत होता. हुकूमशहा म्हणणाऱ्या इंजिनीअरांनी तर आपले दोन्ही फोन दिले, मी एकच मागितला होता.

अध्यक्षांनी स्वतःचा फोन द्यायला नकार दिला. त्यांना महत्त्वाचे फोन येतात. मी म्हटलं, की ते मी घेईन. ते हसले, मी हसले नाही. मागे रांग थांबली होती. त्यांनी फोन बादलीत ठेवला, आणि तो दिवसभर एकदाही वाजला नाही, हे मी कोणालाही सांगितलेलं नाही.

मतदान नीट चाललं. सासूबाई खोक्यात गेल्या आणि आतून आवाज आला, "अगं, खूण फुलीची का बरोबरची?" मी म्हटलं, की कुठलीही, पण आतून बोलायचं नाही. "बोलत नाहीये, विचारतेय. वरच्या नावावरच करायची ना?" बाहेर सगळी रांग कान टवकारून उभी. मी जोरजोरात खोकायला लागले. रांगेतल्या चार जणांनी माझ्याबरोबर खोकायला सुरुवात केली आणि सासूबाईंचं उरलेलं मत त्या खोकल्यात वाहून गेलं.

मोजणीला प्रत्येक उमेदवाराकडून एकेक माणूस बसणार होता. बाई स्वतःच बसल्या. अध्यक्षांनी आपल्या बायकोला पाठवलं. बाहेरच्या माणसावर त्यांचा विश्वास नव्हता. अध्यक्षीणबाई म्हणजे सभेत चहाचे कप मोजणाऱ्या, कधी कोणाशी चढ्या आवाजात न बोललेल्या. नवऱ्याचा हात वर गेला की त्यांचा जाणारच, अर्ध्या क्षणाने मागाहून. आम्ही तिघी टेबलाभोवती बसलो, दार लावून घेतलं, आणि अध्यक्षीणबाईंनी पाकिटं उघडायला घेतली. त्या उघडत, नाव वाचत, मी गठ्ठा लावत होते.

वरचं नाव. वरचं नाव. वरचं नाव. थोड्या वेळाने बाईंचा चेहरा पांढरा पडला. आनंदाने नव्हे. पाकिटं संपत आली तरी दुसऱ्या गठ्ठ्याची जागा रिकामीच होती. मग एक पाकीट निघालं, त्यात खालच्या नावावर ऐटदार फुली होती. त्यानंतर पुन्हा वरचं नाव, शेवटच्या पाकिटापर्यंत.

अध्यक्षांना एकच मत होतं. ते कोणाचं हे सांगायला कारकून नको होता.

इतके दिवस मी चादरी टांगल्या, खोकी कापली, बादली घेऊन सगळ्या जगाशी भांडले, आणि या एका आकड्याने सगळं उघडं पडणार होतं. आकडा बाहेर गेला की प्रत्येकाने कोणाला मत दिलं ते अध्यक्षांना कळणार होतं. पहिल्या मजल्यावरच्या सुनेचं, इंजिनीअरांचं, शब्द देऊन आलेल्या माझ्या नवऱ्याचंसुद्धा. आणि माझ्यासमोर, पाकिटं उघडून उघडून काळी झालेली बोटं पुसत बसलेल्या बाईचं.

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. ती एक चिठ्ठी त्यांनी हातात धरली होती.

"आकडा सांगावाच लागतो का?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, की पत्रात फक्त नाव जाहीर करावं असं आहे. आकड्याबद्दल काही नाही. आणि दोन्ही बाजूंची हरकत नसेल, तर मतपत्रिका नष्ट करता येतात.

"माझी नाही," गाण्याच्या बाई लगेच म्हणाल्या. अध्यक्षीणबाईंनी ती चिठ्ठी बाकीच्या गठ्ठ्यात सरकवली, उठल्या, मोबाइल परत दिल्यामुळे रिकामी झालेली बादली ओढली आणि कोपऱ्यातल्या नळाखाली धरली. आम्ही तिघींनी निकालावर सह्या केल्या आणि मग हाताने कालवून कालवून त्या चिठ्ठ्यांचा लगदा केला. गाण्याच्या बाई नकळत काहीतरी गुणगुणत होत्या.

दार उघडून मी जाहीर केलं, की गाण्याच्या बाई निवडून आल्या आहेत. टाळ्या वाजवाव्यात की नाही हे कोणालाच कळेना, त्यामुळे सगळे एकमेकांच्या हातांकडे बघत राहिले. अध्यक्ष पुढे आले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच गोड होता. ते म्हणाले, की निकाल त्यांना मान्य आहे, फक्त आकडा सांगा. मी म्हटलं, की आकडा जाहीर करायचा नाही असं ठरलं आहे. ते म्हणाले, की मग मी स्वतः मोजतो. मी बादली दाखवली. त्यांनी आत वाकून पाहिलं आणि त्यांचा गोडवा संपला. त्यांनी कचेरीचं, तक्रारीचं, माझ्या दुकानाच्या परवान्याचं नाव काढलं. मी पुन्हा तेच वाक्य म्हटलं, आकडा सांगणार नाही. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा म्हटलं. असं किती वेळ चाललं असतं कोण जाणे.

"मी मोजलीत," अध्यक्षीणबाई मागून म्हणाल्या. सगळी खोली वळून बघायला लागली, कारण हा आवाज इतका मोठा कोणी ऐकलेला नव्हता. "एकूण एक चिठ्ठी माझ्या हातातून गेलीय. तुम्हीच मला पाठवलंत ना मोजायला? मग माझ्यावर विश्वास ठेवा. तुम्ही हरलात."

"किती फरकाने?" त्यांनी विचारलं.

"पुरेशा," त्या म्हणाल्या.

पुढचे काही दिवस अध्यक्ष, म्हणजे माजी अध्यक्ष, दारोदार फिरत होते. प्रत्येकाने त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून सांगितलं, की आमचं मत तुम्हालाच होतं. इंजिनीअरांनी शपथ घेतली. माझा नवरा तर फिरताना त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, की मला अजून खरं वाटत नाही. मी हे गॅलरीतून ऐकलं आणि आत जाऊन नळ सोडला, म्हणजे मला हसताना कोणी ऐकू नये. शेवटी ते दुकानात आले, रक्तदाबाच्या गोळ्या घेतल्या, आणि म्हणाले, की त्यांनी कागदावर बेरीज करून पाहिली आहे. लोक सांगतात त्याप्रमाणे धरलं, तर ते एकमताने निवडून आलेत.

"मग मी हरलो कसा, ताई?"

मी म्हटलं, की प्रश्न बरोबर आहे, पण उत्तर द्यायची मला परवानगी नाही.

ते गेल्यावर मी मनाशी ठरवलं, की पुन्हा म्हणून असल्या भानगडीत पडायचं नाही. घरी नवऱ्यालाही तसं सांगितलं. संध्याकाळी दाराची बेल वाजली. अध्यक्षीणबाई होत्या, हातात मापाची पट्टी आणि चिकटपट्टीचं मोठं रीळ. आत न येताच त्यांनी विचारलं, की ते खोकं टाकलं तर नाही ना. मी म्हटलं, की गॅलरीत आहे, उद्या भंगारवाला नेईल.

"नका देऊ," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी बादलीतलं पाणी लागून त्याची खालची बाजू सुटलीय, मी पाहिलंय. आपण नीट बसवू. पुढच्या वेळीही लागेल."

मी पट्टी धरली. त्यांनी माप घेतलं.